मे महिन्यात आजीकडे गेलं तर कॉलेजचा अर्ज बुडतो का?

घोडबंदरची_आई | १२ एप्रिल, रात्री ११.४०

कुठल्या विभागात टाकावं कळेना म्हणून इथेच टाकतेय. चुकलं असेल तर ॲडमिनने हलवावं.

आम्ही कासारवडवलीला राहतो. लेक सीबीएसईची. अकरावी संपली, बारावीचे वर्ग १ एप्रिललाच सुरू झाले. तिला इकॉनॉमिक्ससाठी अमेरिकेत अर्ज करायचाय. आर्थिक मदत मिळाली तरच जायचं, हे घरात सगळ्यांना पाठ आहे, धाकट्यालासुद्धा. जोडीला सीयूईटी (इथल्या केंद्रीय विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) आहेच.

आमच्याकडे मे म्हणजे गाव. गुहागर तालुक्यात सासरी हापूसची साठेक कलमं आहेत. सासूबाई एकट्या, आणि आंबे उतरवायला माणूस मिळायची मारामार. मुलं शाळेत जायला लागल्यापासून एकही मे आम्ही ठाण्यात काढलेला नाही. साठ दिवस आधी सकाळी आठच्या ठोक्याला लॅपटॉपसमोर बसून चिपळूणची चार कन्फर्म तिकिटं मिळवलीत. ती कशी मिळाली ते माझं मला माहीत.

परवा काउन्सेलर बाईंकडे गेलो. त्यांनी विचारलं, "समरचा प्लॅन काय?" लेक म्हणाली, "आजीकडे." बाई हसल्या आणि वहीत काही लिहिलंच नाही. ते न लिहिणं लेकीला फार लागलं. मग म्हणाल्या, अकरावी-बारावीमधला उन्हाळा हा ॲडमिशन ऑफिसला दिसणारा शेवटचा उन्हाळा, तो फॅमिली व्हेकेशनमध्ये घालवू नका. त्यांनी तीन पर्याय दिले. अमेरिकेतल्या कॅम्पसवर दोन आठवड्यांचा समर प्रोग्रॅम (आकडा ऐकून नवऱ्याने पाण्याचा ग्लास खाली ठेवला), कुणा 'मेंटॉर'च्या हाताखाली ऑनलाइन रिसर्च पेपर, नाहीतर हिमालयात समाजसेवा.

त्यात माझा भाऊ न्यू जर्सीला. तो म्हणतो, गावाला कसले जाता, इकडे या, मी कॉलेजं दाखवतो. कॅम्पसवर जाऊन आलं की तिथे नोंद होते म्हणे.

एक मे आणि इतके दावेदार. ज्यांची मुलं यातून गेलीत त्यांनी खरं सांगा, गावी गेल्याने खरंच नुकसान होतं का?

तुतारी_एक्सप्रेस | १२ एप्रिल, रात्री ११.५२

दोन पेट्या पाठवा, सविस्तर सल्ला देतो.

(वाचतोय. माझी दहावीत आहे.)

मूळची_कोपरीची | १३ एप्रिल, सकाळी ७.१५

मी बॉस्टनजवळ राहते. ज्या कॉलेजात शिकले त्यांच्यासाठी दरवर्षी चार-सहा मुलांच्या मुलाखती घेते, विनामोबदला. निर्णय माझ्या हातात नसतो, मी फक्त पानभर लिहून पाठवते. तेव्हा माझं म्हणणं तेवढ्याच वजनाचं धरा.

आधी फॉर्म कसा असतो ते बघा, म्हणजे निम्मी भीती जाईल. कॉमन ॲप, म्हणजे बऱ्याच अमेरिकन कॉलेजांचा एकच ऑनलाइन अर्ज, दरवर्षी १ ऑगस्टला उघडतं. त्यात ॲक्टिव्हिटीजचे जास्तीत जास्त १० रकाने. प्रत्येकात काय केलं ते सांगायला १५० अक्षरं. शब्द नव्हे हो, अक्षरं, स्पेस धरून. मग कोणत्या इयत्तांत केलं, आठवड्याला किती तास, वर्षाला किती आठवडे. आणि कधी केलं? तिथे तीन पर्याय: शाळा चालू असताना, सुट्टीत, वर्षभर. म्हणजे सुट्टीत केलेलं काम त्यांनी धरलेलंच आहे. कामाच्या प्रकारांच्या यादीत खेळ, संगीत वगैरेंबरोबर 'पगारी काम' आहे आणि 'कौटुंबिक जबाबदाऱ्या' हाही प्रकार आहे. तो आपल्याकडची मुलं बघतसुद्धा नाहीत, कारण घरचं काम हे काम असतं असं त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

उन्हाळ्यात कुठे फिरायला गेला होतात असा रकाना कॉमन ॲपमध्ये नाही. काही कॉलेजं स्वतःच्या पुरवणी प्रश्नांत विचारतात. गेले दोन उन्हाळे कसे घालवलेत, हे स्टॅनफर्डने वर्षानुवर्षं पन्नास शब्दांत विचारलंय. पन्नास शब्दांत आजी, आंबे आणि सॅटचा (तिकडच्या प्रवेश परीक्षेचा) अभ्यास आरामात बसतात.

भावाचं म्हणणं अर्धं खरं आहे. काही कॉलेजं अर्जदाराने किती रस दाखवला ते खरंच मोजतात. पण कोण मोजतं हे गुपित नाही. बहुतेक कॉलेजं दरवर्षी 'कॉमन डेटा सेट' नावाचा कागद प्रसिद्ध करतात. त्यात सी७ नावाचा तक्ता शोधा. मार्क, निबंध, शिफारसपत्र, नोकरीचा अनुभव, अर्जदाराचा रस, अशा एकेका गोष्टीपुढे 'फार महत्त्वाचं' पासून 'विचारात घेत नाही' पर्यंत खूण केलेली असते. एमआयटी आणि स्टॅनफर्ड रस मोजत नाहीत. जी मोजतात तीही ठाण्याच्या मुलीने विमानाने येऊन हजेरी लावावी अशी अपेक्षा धरत नाहीत. त्यांच्या ऑनलाइन माहितीसत्राला स्वतःच्या ईमेलने नाव नोंदवून बसली तरी पुरे. शिवाय जूनमध्ये कॅम्पस ओस पडलेलं असतं. हिरवळ दिसेल, कॉलेज दिसणार नाही.

खरी अडचण मला तुमच्या एका वाक्यात दिसतेय: "आर्थिक मदत मिळाली तरच." परदेशी मुलांच्या बाबतीतसुद्धा पैशाकडे न बघता निवड करणारी आणि लागेल तेवढी मदत देणारी कॉलेजं मोजकीच आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट ही त्यातली जुनी नावं. बाकी बहुतेक ठिकाणी मदत मागणं हे निवडीच्या वेळी विचारात घेतलं जातं. मे महिन्यात लेक गावी होती की न्यू जर्सीला, यापेक्षा तुमची यादी कशी बनते याने शंभरपट फरक पडेल. मदतीसाठीचं सीएसएस प्रोफाइल १ ऑक्टोबरला उघडतं. त्याला लागणारे उत्पन्नाचे कागद मात्र आत्तापासून एका फोल्डरमध्ये टाकायला लागा.

ऐरोलीकर_बाबा | १३ एप्रिल, दुपारी १.०५

समाजसेवेवर मी बोलतो, कारण पैसे मी भरलेत.

दोन वर्षांपूर्वी मुलीला अशाच एका संस्थेबरोबर पहाडात पाठवलं. बारा दिवस. शाळा रंगवणे, मुलांना इंग्रजी शिकवणे, शेवटच्या दिवशी शेकोटी आणि सर्टिफिकेट. संस्थेचं नाव घेत नाही. परत आल्यावर निबंधाला बसली. मी आपला उत्साहात मागे उभा. ती म्हणाली, "बाबा, लिहू काय? आम्ही जी भिंत रंगवली ती आमच्या आधीच्या बॅचनेही रंगवली होती. खाली पिवळा रंग दिसत होता."

मी गप्प.

अर्जात तिने ते घातलंच नाही. त्याऐवजी चार वर्षं सेक्टरमधल्या कबड्डीच्या मुलींचं टाइमटेबल आणि मैदानाचं बुकिंग सांभाळत होती ते घातलं. ॲडमिशन झाली, आता दुसऱ्या वर्षाला आहे. कबड्डीमुळे झाली का, देव जाणे. पण माझे पैसे भिंतीत गेले एवढं नक्की.

सर_नौपाडा | १३ एप्रिल, संध्याकाळी ६.३०

३१ वर्षं गणित शिकवलं, आता निवृत्त. शेवटची दहा वर्षं शिफारसपत्रांचा धंदाच झाला होता म्हणा ना.

सुट्टीमुळे अर्जाचं नुकसान होतं, पण ते मुलांच्या सुट्टीमुळे नाही. मास्तरांच्या! आम्हालाही गाव असतं. मुलं ऑक्टोबरच्या शेवटी धावत येतात, "सर, १ नोव्हेंबरची अर्ली डेडलाइन आहे." त्या वेळी माझ्यापुढे सहामाहीचे गठ्ठे. मग मी काय लिहिणार? "विद्यार्थी मेहनती व नम्र आहे." जो मुलगा मे महिन्याच्या आधी येऊन सांगून जायचा, "सर, पत्र हवंय, हे माझं थोडक्यात", त्याच्याबद्दल मी सुट्टीत आंब्याच्या फोडी खात विचार करायचो, एखादा प्रसंग आठवायचा, आणि तेच पत्रात उतरायचं.

तेव्हा ताई, शाळा बंद होण्याआधी दोन शिक्षकांना गाठा. एमआयटीसारख्या ठिकाणी एक गणित-विज्ञानाचा आणि एक भाषा किंवा सामाजिक शास्त्राचा हवा असतो. नववी, दहावी, अकरावीच्या गुणपत्रकांवर शाळेचा शिक्का आत्ताच मारून घ्या. जूनमध्ये ऑफिसात नव्या प्रवेशांची झुंबड असते, तुमच्याकडे कुणी बघणार नाही.

बाकी एक मत, न विचारता. मे महिना हा मे महिना असतो. पोरांनी त्यात काही 'सिद्ध' करायला पाहिजे ही कल्पनाच मला ओकारी आणते.

सीवूड्स_पूर्व | १३ एप्रिल, रात्री ९.२०

इंग्लंडचा विचार असेल तर ही चर्चा निम्म्यावर येते. यूकासमध्ये (तिकडचा सामायिक अर्ज) जास्तीत जास्त पाच कोर्स निवडायचे. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि मेडिसिनची मुदत १५ ऑक्टोबर. २०२६च्या प्रवेशापासून मोठ्या निबंधाऐवजी तीन प्रश्न आलेत, मिळून ४००० अक्षरं. त्यांना विषयाबद्दल काय वाचलं, काय केलं यात रस. सुट्टी कुठे काढली याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. इकॉनॉमिक्सवाल्या मुलीने पडवीत बसून चार चांगली पुस्तकं वाचली तर पहाडातल्या भिंतीपेक्षा बरं.

घोडबंदरची_आई | १४ एप्रिल, सकाळी १०.००

सर्वांचे मनापासून आभार. ऐरोलीकर, तुमची पिवळी भिंत नवऱ्याला वाचून दाखवली, हिमालय रद्द झाला. भावाला फोन करून सांगितलं, पुढच्या वेळी. तो रुसलाय, पण पेटी गेली की निवळेल. (आंबे तिकडे न्यायचे नियम काय आहेत ते त्याचं तो बघेल.)

सर, आजच शाळेत गेले. इकॉनॉमिक्सच्या बाई हो म्हणाल्या. त्याही २ मेला नाशिकला चालल्यात, म्हणजे तुम्ही सांगितलंत ते तंतोतंत.

कोपरीताई, 'कौटुंबिक जबाबदाऱ्या' हा प्रकार लेकीला दाखवला. तिचा चेहरा उजळेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "आई, आजीला मी ॲक्टिव्हिटी करणार नाही." आणि खोलीत गेली. आता?

खारघरचा_पळपुटा | १४ एप्रिल, दुपारी ३.४५

काकू, तुमची मुलगी बरोबर बोलतेय. मी खारघरचा, तिकडे मिडवेस्टात सेकंड इयरला आहे. सध्या फायनल्स तोंडावर आल्यात म्हणून अर्थातच इथे टाइमपास करतोय.

आमच्या बॅचमधल्या निम्म्या देशी मुलांनी निबंधात हेच लिहिलं होतं: गावी गेलो, लाइट नव्हती, आजीचे सुरकुतलेले हात पाहिले, डोळे उघडले. मीपण लिहिलं होतं. ६५० शब्दांची मर्यादा, मी ६४८ लिहिले, त्यात 'हम्बल' हा शब्द तीनदा. इंग्लिशच्या मॅडमनी वाचून एकच विचारलं, "तुझ्या आजीला हे वाचून दाखवशील?" मी फाडून टाकला. म्हणजे डिलीट केला, पण फाडल्यासारखं वाटलं.

फरक असा आहे. प्रवासाचा निबंध पडतो, कारण त्यात मुलगा फक्त बघतो. गावाने मला बदललं वगैरे. आजीकडे ती करते काय, ते विचारा. हिशेब करते? भांडते? काय चुकतं तिचं? तेवढंच लिहायचं, सुरकुत्या नकोत. आणि निबंधात घालायलाच पाहिजे असंही नाही. १५० अक्षरांचा रकाना भावनाशून्य असतो, तो भरायला लाज वाटायचं कारण नाही.

कागदपत्रवाली | १५ एप्रिल, सकाळी ११.१०

सगळे अमेरिकेत रमलेत म्हणून जमिनीवरचं सांगते. ज्यांची मुलं इथेच शिकणार आहेत त्यांच्यासाठी उन्हाळ्यातला प्रवास हा निबंधाचा नव्हे, तारखांचा प्रश्न आहे.

माझा मुलगा इंजिनीअरिंगच्या कॅपला (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेला) होता. सीईटी झाली, बारावीचा निकाल लागला, फॉर्म भरला, ई-स्क्रूटिनी निवडली, म्हणजे कागद घरूनच अपलोड. आता काय, यादी लागेल तेव्हा बघू, म्हणून आम्ही स्पिती गाठलं. तिकडे काझ्याच्या पुढे आमच्या कंपनीची रेंजच नाही. दोन दिवसांनी फोन जिवंत झाला तर मेसेज पडलेला: अर्ज दुरुस्तीसाठी परत. नॉन-क्रिमिलेयर (आरक्षणाला लागणारं सर्टिफिकेट) जुनं होतं, त्याची मुदत त्या वर्षीच्या ३१ मार्चलाच संपली होती. नवं काढायला हवं होतं, आणि आम्ही बसलो होतो मॉनेस्ट्रीच्या पायऱ्यांवर. लॉगिनचा ओटीपी मिस्टरांच्या दुसऱ्या नंबरवर, जो फोन ठाण्यात चार्जिंगला.

मुदत गेली. मुलगा ओपनमध्ये गणला गेला. कुणाची चूक? आमचीच. सूचना साइटवर पीडीएफमध्ये धडधडीत लिहिलेली होती.

तेव्हा ज्यांचं जून-जुलैचं बुकिंग आहे त्यांनी लक्षात ठेवा. नॉन-क्रिमिलेयर, डोमिसाइल, ईडब्ल्यूएस, जातवैधता हे एप्रिलमध्येच मार्गी लावा. कॅपच्या लॉगिनला नंबर असा द्या की जो मुलाच्या खिशात असेल. आणि राउंडच्या मध्ये कुठे जायचंच असेल तर माथेरानला जा. तिथून निदान दोन-तीन तासांत घरी येता येतं. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशालाही हेच. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं आणि तुम्ही ट्रेकवर आहात म्हणून प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर.

तुतारी_एक्सप्रेस | १५ एप्रिल, सकाळी ११.३२

हे वाचून आत्ता कपाट उघडलं. आमचं नॉन-क्रिमिलेयर कुठल्या फाइलीत आहे हे बायकोला माहीत आहे, बायको पुण्याला आहे.

घोडबंदरची_आई | १९ मे, रात्री ९.५०

गावाहून लिहितेय. उशिराबद्दल माफी. घरात रेंज शून्य. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळावर, चढलं की दोन दांड्या येतात, तेही वाऱ्याच्या मर्जीने. आत्ता मी सड्यावर दगडावर बसलेय, शेजारी लेक तिचा सॅटचा सराव पेपर सबमिट करतेय. ॲपला सुरुवातीला आणि शेवटी नेट लागतं, मध्ये नसलं तरी चालतं. म्हणून पेपर इथेच सुरू केला, सव्वादोन तास घरी ओटीवर बसून सोडवला आणि आता सबमिट करायला पुन्हा वर. लाइट गेली होती, लॅपटॉपने तग धरला. ऑगस्टची तारीख घेतलीय. एमआयटीने २०२२मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केली, मग डार्टमथ, ब्राऊन, हार्वर्डनेही केली, त्यामुळे ती टाळायची सोय नाही.

आंबा यंदा बरा आहे, पण सगळ्यांना २०२५ची धास्ती. त्या वर्षी पाऊस २६ मेलाच मुंबईत दाखल झाला होता आणि आमच्या शेवटच्या काढणीचं मातेरं झालं होतं. म्हणून या वेळी सगळी घाई.

खारघरच्या मुलाने विचारलं होतं ना, ती करते काय? मीही पहिल्यांदाच नीट बघितलं. सकाळी सहाला ही आणि धाकटा खाली उभे असतात, वरून घळीतून (काठीच्या झेल्यातून) आंबा येतो, देठ शाबूत आहे का बघायचं, नसला तर वेगळ्या डालग्यात. मग अढी घालायची, पेंढ्यावर एकेक थर. ते मुलं लहानपणापासून करतात. पण गेली तीन वर्षं आपल्या सोसायटीच्या आणि आजूबाजूच्या दोन सोसायट्यांच्या ऑर्डरी लेक घेते, हे मी कधी 'काम' म्हणून मोजलंच नव्हतं. आठवीच्या सुट्टीनंतर तिनेच ग्रुप काढला. कुणाला चार डझन, कुणाला सहा, कुणाला कच्चे, कुणी पैसे दिले, कुणी "पुढच्या आठवड्यात देतो" म्हणून गेल्या वर्षीपासून टांगलंय. त्या काकांच्या दारात जाऊन पैसे मागायची हिंमत माझ्यात नाही, ती मागून आली. वाशीच्या मार्केटला पाठवण्यापेक्षा घरपोच किती सुटतात याचा तक्ता तिच्याकडे आहे.

आणि तो तक्ता दरवर्षी चुकतो! अढीतून निघालेले आंबे आणि विकले गेलेले आंबे जुळतच नाहीत. साका निघालेले, कुजलेले सगळे वजा करूनही शे-दीडशेची तूट. पहिल्या वर्षी धाकट्यावर आळ आला, तो रडला. दुसऱ्या वर्षी तिने मोजणी दोनदा केली. या वर्षी पेट्या भरताना ती आजीजवळच बसून होती, तेव्हा दिसलं. आजी प्रत्येक डझनावर एक आंबा हळूच वर ठेवते. लेक म्हणाली, "आजी, तू बाराला तेरा देतेस!" सासूबाई म्हणाल्या, "मग? मोजून द्यायला ती काय औषधाची गोळी आहे?"

दोघींचं त्यावरून दोन दिवस वाजलं. लेकीचं म्हणणं, डझनामागे एक म्हणजे आठ टक्के माल फुकट, त्यात गड्यांची मजुरी निघेल. आजीचं म्हणणं, तो आंबा बंद कर आणि पुढच्या वर्षी किती गिऱ्हाइकं परत येतात बघ. मी कानाला खडा लावून स्वयंपाकघरात.

खारघरचा_पळपुटा | १९ मे, रात्री १०.३०

काकू, ती मुलगी इकॉनॉमिक्सला चाललीय ना? मग हे काय चाललंय दुसरं! दर वर्षी कोणती गिऱ्हाइकं परत आली ते तिच्या ग्रुपमध्ये असणारच. तिला म्हणावं मोज.

सर_नौपाडा | २० मे, सकाळी ८.१५

पळपुट्या, मोजायचं तर नीट मोजायला लाव. परत आलेली गिऱ्हाइकं आजीच्या तेराव्यामुळे आली की आंबा चांगला म्हणून आली, हे कसं वेगळं करणार? सगळ्यांनाच तेरा मिळत होते. निम्म्यांना बारा द्यावे लागतील, आणि ते आजी करू देणार नाही.

आणि माझी ओकारी अजून कायम आहे. आजी-नातीचं भांडण हे भांडण म्हणून गोड आहे. फॉर्ममध्ये गेलं की त्याचा माल होतो.

मूळची_कोपरीची | २० मे, सायंकाळी ५.४०

सर, मान्य आणि अमान्य. मुलाखतीला येणाऱ्या मुलांना मी पहिलं हेच विचारते, गेल्या उन्हाळ्यात काय केलंस. बहुतेक जण सर्टिफिकेटं म्हणून दाखवतात, इंटर्नशिप, बूटकॅम्प, पेपर. मी "त्यात अडलं कुठे?" विचारलं की गाडी थांबते. एक मुलगा मात्र काकांच्या मिक्सर-दुरुस्तीच्या दुकानात बसायचा. त्याने कॉइल जळाली की कार्बन ब्रश झिजला हे वासावरून कसं ओळखायचं ते पंधरा मिनिटं सांगितलं. मला वेळ संपल्याचं कळलं नाही. त्याने काही विकलं असं मला वाटलं नाही. त्याला ते ठाऊक होतं, बस.

आणि आपल्या घरची कामाची पोरं ते लिहीत नाहीत म्हणून पैसेवाल्यांचे बूटकॅम्प मोठे दिसतात, याचंही काही करा ना.

सर_नौपाडा | २० मे, सायंकाळी ६.०५

मिक्सरवाल्यापुरती माघार घेतो.

कागदपत्रवाली | २ जून, दुपारी १२.००

विषयांतर, पण ज्यांनी मागच्या महिन्यात दाखल्यांबद्दल विचारलं होतं त्यांना: सेतूत (दाखले मिळतात त्या केंद्रात) गर्दी सुरू झालीय. सकाळी लवकर जा.

घोडबंदरची_आई | २ ऑगस्ट, रात्री ११.१५

धागा वर आणतेय, कारण काल १ ऑगस्ट होता.

रात्री जेवण झाल्यावर लेकीने फॉर्म उघडला. नऊ रकाने भरायला दोन तास लागले. वाचनालय, वादविवाद, शाळेचं मासिक वगैरे. सर, शिक्के वेळेत मारले म्हणून वाचलो. नववी दुसऱ्या शाळेत होती, तिथलं गुणपत्रक जूनमध्ये मागितलं असतं तर अजून फेऱ्या मारत असते. इकॉनॉमिक्सच्या बाईंनी पत्र लिहून तयार ठेवलंय. मध्येच घोडबंदरला मेट्रोच्या कामापायी अडीच तास अडकल्या होत्या, तेव्हा सुचलं म्हणाल्या.

दहावा रकाना तिने शेवटी ठेवला होता. प्रकार: कौटुंबिक जबाबदाऱ्या. मी काहीच बोलले नाही, कपडे घड्या करत बसले. पहिल्यांदा लिहिलं त्यात दोन मोठे इंग्रजी शब्द होते, तिचे तिनेच खोडले. मग 'सप्लाय चेन' आलं, तेही गेलं. शेवटी उरलं ते साधारण असं: आजीच्या बागेतले हापूस काढणे, अढी, तीन सोसायट्यांच्या ऑर्डरी, वसुली आणि हिशेब. १५० अक्षरांत अकरा शिल्लक राहिली, तिथे काही सुचेना, तशीच सोडली. आजीचं नाव नाही, तेरावा आंबा नाही. तो निबंधात येणार का, विचारलं. म्हणाली, "माहीत नाही. आजीला विचारल्याशिवाय नाही." तक्त्यात मात्र आता एक नवा कॉलम आहे, त्याचं नाव 'वरचा'.

आठवड्याला तास: ३०. वर्षाला आठवडे: इथे मी तोंड उघडलं. म्हटलं, पाच लिही, आपण यंदा पाच आठवडे होतो की गावी. तिने चार लिहिलं.

"अगं, पाच होते."

"शेवटचा आठवडा पाऊस होता, आई. मी नुसती झोपले होते."

तुतारी_एक्सप्रेस | २ ऑगस्ट, रात्री ११.२१

पुढच्या मे महिन्यासाठी माझं नाव घ्या त्या ग्रुपमध्ये. चार डझन. तेराव्यासकट.